परत ठेवून की परत न ठेवता? मार्कोव्हने मोजलेली वीस हजार अक्षरे

संभाव्यतेच्या धड्यात दोन शब्दप्रयोग वारंवार भेटतात : 'परत ठेवून' आणि 'परत न ठेवता'. पिशवीत ३ काळ्या आणि २ पांढऱ्या गोट्या आहेत. एकापाठोपाठ दोन गोट्या काढल्या, तर दोन्ही पांढऱ्या असण्याची संभाव्यता किती? पहिली गोटी परत ठेवली असेल तर २/५ × २/५, म्हणजे ४/२५. ठेवली नसेल तर २/५ × १/४, म्हणजे १/१०. पहिल्या प्रकारात घटना स्वतंत्र, दुसऱ्यात अवलंबी. विद्यार्थी हे चटकन शिकतात आणि आपणही पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

वळण्यापूर्वी वर्गाला आणखी एक प्रश्न विचारावा असे आम्हाला वाटते. गोटी परत ठेवलेली नाही. पहिली कोणती निघाली हेही आपल्याला सांगितलेले नाही. तर दुसरी गोटी पांढरी असण्याची संभाव्यता किती? बहुतेक मुले १/४ किंवा २/४ म्हणतील. दोन्ही शक्यता धरून हिशेब केला तर (२/५ × १/४) + (३/५ × २/४) = १/१० + ३/१०, म्हणजे २/५ येते. गोटी परत ठेवली असती तरी हेच उत्तर आले असते! याचा अर्थ असा की, जो माणूस फक्त दुसऱ्या गोटीचा रंग टिपून ठेवतो त्याने हा प्रयोग हजार वेळा केला तरी गोटी परत ठेवली जात होती की नाही, हे त्याच्या वहीवरून कळणार नाही. पांढऱ्यांचे प्रमाण स्थिर आहे, एवढ्यावरून घटना स्वतंत्र होत्या असे म्हणता येत नाही.

गोट्यांच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ वाटते. पण हाच मुद्दा विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात एका कडाक्याच्या वादाचा विषय झाला, आणि त्या वादात मानवी इच्छास्वातंत्र्य, धर्मपीठ आणि शाळेचा अभ्यासक्रम अशा सगळ्या गोष्टी ओढल्या गेल्या. त्यातूनच अवलंबी घटनांची लांबलचक मालिका कशी हाताळायची याचे गणित जन्माला आले.

थोडे मागे जाऊ. याकोब बर्नोलीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झाला. एकच प्रयोग पुनःपुन्हा केला तर घटनेचे प्रत्यक्ष आढळणारे प्रमाण तिच्या संभाव्यतेच्या हवे तितके जवळ येण्याची शक्यता वाढत जाते, हे त्याने त्यात सिद्ध केले. यालाच पुढे मोठ्या संख्यांचा नियम म्हणू लागले. बर्नोलीच्या सिद्धतेत प्रत्येक प्रयोग आधीच्या प्रयोगांपासून स्वतंत्र आहे. त्याची गोटी नेहमी 'परत ठेवून' काढलेली असते. अवलंबी घटनांसाठी गुणाकाराचा नियम लंडनमध्ये राहणाऱ्या द म्वाव्रने अठराव्या शतकातच स्वच्छ मांडला होता, पण तो दोन-चार घटनांपुरता कामी येत होता. घटनांची रांग हजारोंची असेल आणि प्रत्येक घटना आधीच्या घटनेवर रेलून उभी असेल, तर सरासरीचे काय होईल, याचे उत्तर त्यात नव्हते.

एकोणिसाव्या शतकात सरकारी आकडेवारी छापली जाऊ लागली आणि लोक चकित झाले. एखाद्या देशात दरवर्षी होणारे विवाह, गुन्हे, आत्महत्या यांचे आकडे जवळजवळ तेच ते येत होते. बेल्जियमच्या केतलेने १८३५ च्या आपल्या ग्रंथात यावरून असे सुचवले की, गुन्ह्याची तयारी जणू समाजच करतो आणि गुन्हेगार ती अमलात आणतो. मग माणसाच्या इच्छेला जागा कुठे उरली? हा प्रश्न पुढे युरोपभर चघळला गेला.

या प्रश्नाला मॉस्कोच्या पावेल नेक्रासोव्हने उलट बाजूने उत्तर दिले. नेक्रासोव्हचे आरंभीचे शिक्षण धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात झाले होते. नंतर तो गणिताकडे वळला आणि मॉस्को विद्यापीठाचा रेक्टर झाला. १९०२ साली त्याने मांडलेला युक्तिवाद थोडक्यात असा : मोठ्या संख्यांचा नियम लागू पडण्यासाठी घटना स्वतंत्र असणे आवश्यक आहे. विवाह आणि गुन्हे यांच्या आकड्यांना हा नियम लागू पडलेला दिसतो. म्हणून माणसांच्या कृती एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, आणि हाच इच्छास्वातंत्र्याचा पुरावा आहे.

युक्तिवाद दिसायला देखणा आहे. त्यातली चूक भूमितीच्या शिक्षकाच्या लगेच लक्षात येईल. 'घटना स्वतंत्र असतील तर नियम लागू पडतो' हे सिद्ध झालेले होते. 'नियम लागू पडत असेल तर घटना स्वतंत्र असतात' हा त्याचा व्यत्यास कोणीही सिद्ध केलेला नव्हता. पुरेशी अट आणि आवश्यक अट यांची गल्लत झाली होती. पण चूक आहे असे म्हणणे वेगळे आणि ती उदाहरणाने दाखवणे वेगळे. त्यासाठी स्वतंत्र नसलेल्या, तरीही नियम पाळणाऱ्या घटनांची एक मालिका हवी होती. ती आंद्रेई मार्कोव्हने बांधली.

मार्कोव्हचा जन्म १८५६ साली र्‍याझान येथे झाला. नेक्रासोव्हही त्याच प्रांतातला. लहानपणी गुडघ्याच्या दुखण्यामुळे मार्कोव्हला कुबड्या घेऊन चालावे लागे. पीटर्सबर्गला तो चेबिशेव्हचा विद्यार्थी झाला आणि आयुष्यभर त्याच शिस्तीत राहिला : जे सिद्ध करता येते तेवढेच बोलावे. स्वभाव मात्र तापट. मॅक्झिम गॉर्कीची अकादमीवर झालेली निवड १९०२ मध्ये झारच्या मर्जीखातर रद्द झाली, तेव्हा त्याने निषेध नोंदवला. १९०८ मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम प्राध्यापकांवर सोपवले जाऊ लागले, तेव्हा 'सरकारचा हस्तक होणार नाही' असे त्याने लेखी कळवले. टॉल्स्टॉयला १९०१ साली चर्चने बहिष्कृत केले होते. मार्कोव्हने १९१२ मध्ये धर्मपीठाला पत्र लिहून 'मलाही बहिष्कृत करा' अशी मागणी केली. आपल्या अश्रद्धेचा पुरावा म्हणून त्याने पत्रात हवाला कशाचा दिला असेल? स्वतःच्याच संभाव्यतेच्या पाठ्यपुस्तकाचा!

असा माणूस नेक्रासोव्हचे म्हणणे सोडून देणे शक्यच नव्हते. चुप्रोव्ह नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात चेबिशेव्हच्या नावाशेजारी नेक्रासोव्हचे नाव घेतले, एवढ्यावरून मार्कोव्हने १९१० साली त्याला चिडून पोस्टकार्ड लिहिले. (त्यातून दोघांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला आणि चुप्रोव्हमुळे मार्कोव्हचे लक्ष प्रत्यक्ष आकडेवारीकडे वळले. भांडणाचे असेही फळ मिळते.)

गणिती उत्तर त्यापूर्वीच, १९०६ साली, काझानच्या एका नियतकालिकात छापले गेले होते. त्याचा गाभा चेबिशेव्हच्या सिद्धतेवरून समजतो. अनेक राशींच्या बेरजेचा वर्ग केला की प्रत्येक राशीचा वर्ग मिळतो आणि शिवाय दोन-दोन राशींचे गुणाकार मिळतात. राशी स्वतंत्र असल्या आणि प्रत्येकीची सरासरी शून्यावर आणून ठेवली, की हे दुहेरी गुणाकार सरासरीत नाहीसे होतात आणि सिद्धता सरळ पुढे जाते. मार्कोव्हचे म्हणणे असे की, ते नाहीसे व्हायलाच हवेत असे नाही. दोन राशींमधले अंतर वाढेल तसे ते पुरेशा वेगाने लहान होत गेले तरी काम भागते. मग अशी मालिका घ्या, जिच्यात प्रत्येक घटना फक्त तिच्या लगेच आधीच्या घटनेवर अवलंबून आहे. त्याच्याही आधी काय घडले याचा वेगळा परिणाम नाही. एका कडीत दुसरी कडी अडकवावी तशी ही रचना. मार्कोव्हनेही तिला साखळीच म्हटले. अशा साखळीत दूरच्या कड्यांचा परस्परसंबंध भूमिती श्रेणीने घटत जातो, आणि मोठ्या संख्यांचा नियम जसाच्या तसा लागू पडतो. स्वातंत्र्य ही त्या नियमासाठी आवश्यक अट नाही, या निष्कर्षावर लेख संपतो.

तरी ही झाली कागदावरची मालिका. खरी, जगातली मालिका कुठली घ्यायची? २३ जानेवारी १९१३ रोजी पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीपुढे मार्कोव्हने जे सादर केले त्यात झार नव्हता, गुन्हे नव्हते, विवाहही नव्हते. पुश्किनची 'येवगेनी ओनेगिन' ही पद्यकादंबरी होती. मार्कोव्हने तिचा पहिला अध्याय संपूर्ण आणि दुसऱ्या अध्यायातली सोळा कडवी घेतली. विरामचिन्हे आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या. ज्यांना स्वतःचा उच्चार नाही अशी 'कठोर' आणि 'मृदू' ही दोन चिन्हेही वगळली. उरलेल्या पहिल्या २०,००० अक्षरांची मग सलग रांग झाली. ती त्याने दहा ओळी आणि दहा स्तंभांच्या चौकोनांत मांडली. प्रत्येक चौकोनात १००, असे २०० चौकोन. आणि हाताने मोजत बसला : स्वर किती, व्यंजने किती?

स्वर निघाले ८,६३८ आणि व्यंजने ११,३६२. म्हणजे कोणतेही अक्षर स्वर असण्याची संभाव्यता सुमारे ०.४३२. आता स्वरापाठोपाठ स्वर अशा जोड्या मोजल्या. त्या १,१०४ भरल्या. अक्षरे जर पिशवीतून 'परत ठेवून' काढल्यासारखी स्वतंत्र असती, तर अशा जोड्या २०,००० × ०.४३२ × ०.४३२, म्हणजे ३,७०० च्या वर मिळायला हव्या होत्या. अवलंबित्वाबद्दल शंकेला जागाच नाही. भागाकार केला की सशर्त संभाव्यता मिळतात : आधीचे अक्षर स्वर असेल तर पुढचे स्वर असण्याची संभाव्यता १,१०४ ÷ ८,६३८ = ०.१२८; आधीचे व्यंजन असेल तर पुढचे स्वर असण्याची संभाव्यता ७,५३४ ÷ ११,३६२ = ०.६६३.

या दोन संख्या हाती आल्या की पुढचा हिशेब वर्गात करता येतो आणि तो अवश्य करावा. समजा, पहिले अक्षर स्वर आहे. दुसरे स्वर असण्याची संभाव्यता ०.१२८. तिसरे स्वर असण्यासाठी दोन वाटा आहेत : दुसरे स्वर असून तिसरे स्वर, किंवा दुसरे व्यंजन असून तिसरे स्वर. म्हणून ०.१२८ × ०.१२८ + ०.८७२ × ०.६६३ = ०.५९५. याच रीतीने पुढे जात राहिले तर ०.३४५, ०.४७८, ०.४०७, ०.४४५ असे आकडे येतात. आता सुरुवात व्यंजनाने करा. स्वराची संभाव्यता ०.६६३, मग ०.३०८, ०.४९८, ०.३९७, ०.४५१, ०.४२२ अशी जाते. दोन्ही रांगा झोके घेत घेत एकाच जागी येऊन थांबतात. ती जागा कोणती, हे समीकरणाने काढता येते : स = ०.१२८ स + ०.६६३ (१ − स). यावरून स = ०.६६३ ÷ १.५३५ = ०.४३२. पायरीपायरीने आरंभाचा प्रभाव पुसला जातो. प्रत्येक पायरीला मुक्कामापासूनचे अंतर ०.१२८ − ०.६६३ = −०.५३५ या पटीत बदलते, म्हणजे साधारण निम्मे होते आणि बाजू पालटते. विद्यार्थ्यांना भूमिती श्रेणीचा याहून जिवंत उपयोग दाखवणे कठीण आहे.

खरी गंमत पुढे आहे. मार्कोव्हने शंभर-शंभर अक्षरांच्या २०० गटांत स्वर किती आले हे पाहिले. सरासरी ४३.१९. प्रत्येक गटाचा सरासरीपासूनचा फरक घेऊन त्याचा वर्ग केला आणि या वर्गांची सरासरी काढली, ती ५.११४ आली. अक्षरे स्वतंत्र असती तर ती १०० × ०.४३२ × ०.५६८, म्हणजे सुमारे २४.५ असायला हवी होती. प्रत्यक्ष विखुरण जेमतेम एक-पंचमांश! अवलंबी घटनांची सरासरी स्थिर राहते एवढेच नव्हे, तर ती स्वतंत्र घटनांपेक्षा कितीतरी अधिक स्थिर राहिली. कारण उघड आहे. स्वर आला की पुढे बहुधा व्यंजन येते, व्यंजन आले की पुढे बहुधा स्वर. त्यामुळे एका बाजूला झुकलेले पारडे लगेच सावरले जाते. आकड्यांची स्थिरता पाहून 'या घटना स्वतंत्र आहेत' असे म्हणणाऱ्याला याहून चोख उत्तर काय देणार?

साखळीच्या सूत्राने हे विखुरण किती असावे? (१ − ०.५३५) ÷ (१ + ०.५३५), म्हणजे सुमारे ०.३० पट. प्रत्यक्षात ०.२०८ पट आढळले. हा फरक मार्कोव्हने लपवला नाही. त्याने तीन-तीन अक्षरांचे गट मोजले : लागोपाठ तीन स्वर ११५ वेळा, लागोपाठ तीन व्यंजने ५०५ वेळा. एका व्यंजनानंतर व्यंजन येण्याची संभाव्यता ०.३३७, पण लागोपाठ दोन व्यंजनांनंतर तिसरे येण्याची केवळ ०.१३२. म्हणजे भाषेची आठवण एका अक्षरापुरती नाही. दोन अक्षरे मागे पाहणारी साखळी घेतली तेव्हा हिशेब ०.१९५ वर आला, निरीक्षणाच्या अगदी जवळ. पुढे त्याने अक्साकोव्हच्या बालपणावरील गद्य पुस्तकातली एक लाख अक्षरेही अशीच मोजली.

अवलंबित्वाने विखुरण नेहमी कमीच होते असे मात्र समजू नये. तेल अवीवच्या हिवाळी पावसाचा गॅब्रिएल आणि नॉयमन यांनी १९६२ साली केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतल्या २७ वर्षांच्या नोंदींवरून, पावसाच्या दिवसानंतर पावसाचा दिवस येण्याची संभाव्यता ०.६६२ आणि कोरड्या दिवसानंतर ०.२५० अशी आली. ओल्या दिवसांचे दीर्घकालीन प्रमाण काढा : ०.२५० ÷ ०.५८८ = ०.४२५. पुश्किनच्या स्वरांच्या प्रमाणाजवळच! पण इथे दोन संभाव्यतांमधील फरक +०.४१२ आहे, आणि विखुरणाचा गुणक १.४१२ ÷ ०.५८८ = २.४. पाऊस पावसाला धरून येतो, उघडीप उघडिपीला. म्हणून एखादा पंधरवडा सगळा ओला, तर दुसरा कोरडा जातो. प्रमाण जवळजवळ सारखे, पण एका साखळीत विखुरण स्वतंत्र घटनांच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी, दुसरीत दुपटीहून जास्त. नुसते प्रमाण सांगून हवामानाबद्दल किती थोडे सांगितले जाते, ते यावरून दिसते.

१९१३ हे रोमानोव्ह घराण्याच्या राजवटीचे त्रिशताब्दी वर्ष होते आणि सगळे सरकार त्या सोहळ्यात गुंतले होते. मार्कोव्हने त्याच वर्षी अकादमीत बर्नोलीच्या ग्रंथाची द्विशताब्दी साजरी करवली.

नेक्रासोव्हशी शेवटची चकमक शाळेवरून झाली, आणि शिक्षकांनी ती जाणून घ्यावी अशी आहे. १९१५ च्या सुमारास नेक्रासोव्ह आणि त्याचा सहकारी फ्लोरोव्ह यांनी माध्यमिक शाळांत संभाव्यता शिकवण्याची योजना मांडली. कल्पना काळाच्या पुढची होती. मार्कोव्हने तिला विरोध केला. योजनेतल्या संकल्पनाच चुकीच्या आहेत, असा त्याचा आक्षेप होता. आम्हाला इथे दोघांनाही थोडे थोडे खरे म्हणावेसे वाटते. विषय शाळेत यायलाच हवा होता, पण पुरेशी अट आणि आवश्यक अट यांची गल्लत करणाऱ्या हातून नव्हे. मार्कोव्हला शाळेबद्दल तुच्छता होती असे मात्र कोणी समजू नये. १९१७ च्या धामधुमीत तो झारायस्क या लहानशा गावी गेला आणि तिथल्या माध्यमिक शाळेत विनावेतन गणित शिकवू लागला. तेव्हा त्याचे वय ६१ होते. १९२२ साली तो पेट्रोग्राडमध्ये वारला.

क्लॉड शॅननने १९४८ मध्ये संदेशवहनाचे गणित मांडताना मार्कोव्हची साखळी इंग्रजी अक्षरांना आणि शब्दांना लावली. त्याची युक्ती वर्गात करण्याजोगी आहे. पुस्तक कुठेही उघडून एक अक्षर लिहा. दुसरे कोणतेही पान उघडा, ते अक्षर पहिल्यांदा सापडेपर्यंत वाचा, आणि त्याच्या पुढचे अक्षर लिहा. मग नवे पान. अशाने निरर्थक पण त्या भाषेसारखा दिसणारा मजकूर तयार होतो. आजची लेखन करणारी संगणकीय प्रारूपेही आधीच्या मजकुरावरून पुढच्या तुकड्याची संभाव्यता काढतात. ती मागे पाहतात ते मात्र एका अक्षरापुरते नव्हे, हजारो शब्दांपर्यंत.

मराठीत मार्कोव्हची मोजणी करायची, तर त्याने वगळलेल्या दोन चिन्हांसारखा एक निर्णय आपल्यालाही आधी घ्यावा लागतो. आपल्या लिपीत अक्षरातच स्वर मिसळलेला असतो. 'आई घरी येऊन बसली' हे वाक्य घ्या. लिहिल्याप्रमाणे फोड केली, म्हणजे न आणि स यांतला अ धरला, तर १७ ध्वनी होतात : १० स्वर आणि ७ व्यंजने. स्वरानंतर स्वर दोनदा येतो (आई, येऊ), व्यंजनानंतर व्यंजन एकदाही नाही. आता तेच वाक्य उच्चारून पाहा : 'येऊन्', 'बस्ली'. दोन अ गळाले. ध्वनी १५, स्वर ८, व्यंजने ७, आणि व्यंजनामागून व्यंजन दोनदा. एवढ्याशा वाक्यात साखळीच्या संख्या बदलल्या. एक वर्ग लेखनाप्रमाणे आणि दुसरा उच्चाराप्रमाणे, असे एखाद्या धड्यातले हजारभर ध्वनी दहा-दहाच्या ओळींत मांडून मोजता येतील. तीस मुलांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार ओळी येतात. ओळीच्या शेवटचा ध्वनी आणि पुढच्या ओळीचा पहिला ध्वनी यांची जोडी हमखास निसटते, तेवढी सांभाळावी. नियम मात्र आधी फळ्यावर लिहून ठेवावेत. 'ज्ञ' आला की त्याची दोन व्यंजने धरायची की उच्चाराप्रमाणे तीन, यावर वाद होईल. तो होऊ द्यावा.